दोन रात्रींचं आजोळ

परवा सिॲटलजवळच्या रेडमंडला एका घरी जेवायला गेलो होतो. ओळखीच्या एका फॉस्टर आईचा, म्हणजे जन्मदात्यांपासून दूर ठेवलेली मुलं तात्पुरती सांभाळणाऱ्या बाईचा, विषय निघाला. तिच्याकडची दोन्ही मुलं शनिवार-रविवार दुसऱ्या घरी गेली आहेत हे कळल्यावर एक काकू पटकन म्हणाल्या, "आधी सांभाळायला घ्यायची आणि मग दुसऱ्याकडे टाकायची?" ते वाक्य मला फार लागलं.

त्या बाईला झोप हवी होती. मार किंवा उपासमार सोसलेलं मूल रात्री-अपरात्री उठतं, पोळी उशाखाली लपवतं. त्यात कोर्टाच्या तारखा, सोशल वर्करच्या फेऱ्या, मुलांच्या जन्मदात्यांच्या भेटी. तिनं हात टेकले तर मुलांसाठी पुन्हा नवं घर शोधावं लागणार. ते टळावं म्हणून इथे अमेरिकेत रेस्पिटची सोय आहे : मूल काही दिवस दुसऱ्या, तपासणी झालेल्या घरी राहतं.

आपल्याकडे हे काम आजोळ करायचं. मे महिन्यात मुलं आजीकडे जायची. आईची पाठ टेकायची आणि त्याला कुणी 'टाकलं' म्हणायचं नाही. आजीला ठाऊक असायचं, कोण भेंडी खात नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते. मुलालाही ठाऊक असायचं, लाडवाचा डबा कोणत्या फळीवर आहे आणि मामा कशावरून रागावतो. दरवर्षी तेच घर, तीच माणसं. घरी परत जायचंय याची खात्री असल्यामुळेच तिथे रमायला व्हायचं.

नेमकी ही ओळखच नेहमीच्या रेस्पिटमध्ये अनेकदा नसते. ज्या घरी जागा असेल तिथे मूल जातं. तयार घरं कमी आहेत, यंत्रणेची अडचण मला समजते. तरीही, आधीच दोन-तीन घरं बदललेल्या मुलाला अनोळखी दारात उभं करणं मला क्रूर वाटतं.

यावरचा मला पटलेला उपाय आमच्या सिॲटलमध्येच निघाला. मॉकिंगबर्ड सोसायटीनं 2004 मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत सहा ते दहा फॉस्टर कुटुंबांच्या मध्यभागी एक अनुभवी घर असतं. दर महिन्याला सगळे एकत्र जमतात आणि गरज पडली की मूल त्याच ओळखीच्या घरी राहायला जातं. ब्रिटननंही ही पद्धत उचलली आहे.

ज्यांच्याकडे असं मूल राहायला येणार असेल त्यांनी आधी एकदा त्याला जेवायला बोलवावं. परतीचा दिवस त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहावा. कपडे बॅगेत भरावेत, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कधीच नाही. अनेक मुलांचं सामान घर बदलताना त्याच पिशवीतून आलेलं असतं. आवडीची एखादी वस्तू त्यानं मुद्दाम फॉस्टर घरी ठेवून यावी. औषधांची वेळ, झोपताना दिवा हवा की नको, कोणत्या विषयावर बोलायचं नाही, हे कागदावर लिहून घ्यावं. जन्मदात्यांच्या भेटीचा वार मध्ये येत असेल तर तो चुकवू नये.

आणि अशा मुलाला नुसतं मित्राच्या घरी एक रात्र राहायचं असेल, तर 2014 च्या फेडरल कायद्यानंतर असे रोजचे निर्णय फॉस्टर पालक स्वतः घेऊ शकतात. तेव्हा तुमच्या मुलाच्या वर्गात फॉस्टर घरी राहणारं कुणी असेल, तर वाढदिवसाच्या मुक्कामाला त्यालाही बोलवा.