ओटा, वाडा आणि व्हर्साय

माझं आडनाव पाटील. हॉस्टेलवर पाटील इतके आहेत, की मेसच्या रजिस्टरात नुसतं 'पाटील' लिहिलं तर मेसवाले मामा हसतात. पण शहादा तालुक्यातल्या आमच्या गावात एके काळी या नावाला वेगळंच वजन होतं. पणजोबांकडे गावची पाटीलकी. शेतसारा गोळा करायचा, भांडणं मिटवायची, कोणाला सालदार ठेवायचं ते ठरवायचं... सगळं एका ओट्यावर! आजी अजून म्हणते, "पाटलाचा शब्द म्हणजे शब्द." त्यामुळे इतिहासात राजेशाहीचं प्रकरण आलं, की मला राजवाड्याआधी आमचा ओटा दिसतो.

फ्रान्समध्येही असे ओटे होते, फक्त त्यांना तटबंदी होती. सरदारांचे स्वतःचे किल्ले, स्वतःची माणसं. १६२६ मध्ये तेराव्या लुईचा मंत्री रिशल्यू याच्या काळात सरहद्दीवर नसलेले किल्ले पाडायचा हुकूम निघाला. चौदावा लुई १६४३ मध्ये गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. १६४८ ते १६५३ या काळात आधी पॅरिसचे न्यायाधीश आणि मग बडे सरदार उलटले, आणि या पोराला रातोरात पॅरिस सोडावं लागलं. १६६१ मध्ये मुख्यमंत्री माझारँ वारला, तेव्हा लुईने दुसरा मुख्यमंत्री नेमलाच नाही. प्रांतांचा कारभार हळूहळू राजाने नेमलेल्या आणि त्यानेच काढता येतील अशा अधिकाऱ्यांच्या हाती गेला. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला हलला आणि मोठमोठे सरदार राजा झोपेतून उठताना हजेरी लावू लागले. आपल्या प्रॅक्टिकलच्या अटेंडन्सपेक्षा कडक!

आता गंमत बघा. शिवाजी महाराज लुईपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठे, आणि त्यांच्यासमोरही हेच कोडं होतं. गावोगावचे देशमुख, पाटील वतनाच्या जोरावर छोटे राजेच बनले होते. १६५६ मध्ये जावळी घेतली ती चंद्रराव मोऱ्यांकडून, म्हणजे परक्या बादशहाकडून नव्हे, आपल्याच वतनदाराकडून. वतनदारांचे कोट-वाडे पाडले, असं सभासद बखर सांगते. किल्ला एकाच्या हाती न देता हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांच्या हाती दिला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचे अष्टप्रधान वंशपरंपरेचे नव्हते. लुईने सरदारांना दरबारात आणून नाचवलं, महाराजांनी वतनाऐवजी पगार दिला. रयतेसाठी हा फरक मोठा होता.

हे सगळं मी रूम पार्टनरला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो तळोद्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. शांतपणे म्हणाला, "माझा आजा अशाच एका ओट्यावर सालदार होता रे भो. राजा कुठला का असेना, तो लांब असतो. ओटा जवळ असतो. त्या ओट्याला जाब विचारणारा कुणीतरी पाहिजे, एवढंच आजाचं म्हणणं असायचं."

मी गप्पच झालो. पुस्तकात नव्हतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. एका मोठ्या राजाच्या हाती सगळी सत्ता जावी, हे साध्या माणसाला का पटतं? कारण दाराशी बसलेल्या छोट्या राजाने तो जेरीला आलेला असतो.

पण मग मोठ्या राजाला जाब कोण विचारणार? फ्रान्समध्ये तिन्ही वर्गांची सभा १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये बोलावली गेली, म्हणजे १७५ वर्षांनी. मधल्या काळात १६८५ मध्ये लुईने एका फर्मानाने प्रोटेस्टंटांचे धर्माचे हक्क काढून घेतले. लढायांचा खर्च मुख्यतः शेतकऱ्याच्या पाठीवर, कारण मुख्य जमीन-करातून सरदारांना सूट!

आपल्याकडे उलट झालं. महाराज १६८० मध्ये गेले, संभाजीराजे १६८९ मध्ये मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले. मोगल वतनाचं आमिष दाखवत होते, मग माणसं टिकवायला आपल्यालाही वतनं द्यावी लागली. राज्य वाचलं, पण छोटे राजे परत आले. व्यवस्था उत्तम होती, पण ती उभी होती एका माणसाच्या नजरेवर. नजर गेली आणि ओटे पुन्हा बांधले गेले.

आमचा ओटा मोडला तो कुठल्या राजाने नाही. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने गेली. पण कागद एकटा काय करणार? १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, सालदार-मजूर मोर्चे काढू लागले. १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. कायदा आणि तो राबवून घेणारी माणसं, दोन्ही लागतात.

आजीला हे अजून पटत नाही. "पाटीलकी गेली अन् गावाची शिस्त गेली," म्हणते. मी वाद घालत नाही. पण मित्रांनो, "एखादा खमक्या माणूस पाहिजे, मग सगळं सुधारेल," असं मेसपासून मंत्रालयापर्यंत आपण सगळेच म्हणतो ना? तेव्हा एकच प्रश्न आधी विचारा : त्या खमक्याला जाब विचारायचा झाला तर कुठे जायचं?