बंडवरचा हिरवा कळस

हुआंगपू नदी ओलांडायला फेरीबोटीचं तिकीट फक्त २ युआन. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच ज्याने पाहिली आहे, त्याला तिथे परकं वाटत नाही. स्कूटर ढकलत आत शिरणारे कामगार, भाजीच्या पिशव्या, दोरखंड आवळणारा खलाशी. दहा मिनिटांचाही प्रवास नाही, तरी त्या संध्याकाळी मी तीनदा ये-जा केली, कारण जुनं आणि नवं शांघाय एका नजरेत मावतं ते नदीच्या मध्यावरच.

पूर्वेचा काठ म्हणजे पुडोंग. १९९० मध्ये सरकारने तो विकासासाठी खुला केला, तेव्हा तिथे शेतं, गोदामं आणि कारखाने होते. आज तिथे १२८ मजली, ६३२ मीटर उंच शांघाय टॉवर आहे.

माझी नजर मात्र पश्चिमेच्या काठावर, बंडवर खिळली. हा शब्दच मुळी हिंदुस्थानातून गेलेला; ‘बंद’ म्हणजे बांध. पहिलं अफूयुद्ध हरल्यावर १८४२ च्या नानकिंग तहाने चीनला पाच बंदरं परकीय व्यापाराला खुली करावी लागली, त्यांत शांघाय होतं. माळव्याची अफू जहाजांवर चढायची ती आपल्या मुंबईत. पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या डेव्हिड ससून यांचा मुलगा एलियास १८४४ मध्ये चीनला गेला. अफू आणि सुताच्या व्यापारात हे घराणं गडगंज झालं. एलियासचा नातू व्हिक्टर याने मुंबईतला पसारा आवरून शांघायमध्ये पैसा ओतला. १९२९ मध्ये त्याने बंडवर बांधलेलं कॅथे हॉटेल आज पीस हॉटेल म्हणून ओळखलं जातं. त्याचा हिरवा पिरॅमिडसारखा कळस मावळतीच्या उजेडात फार देखणा दिसत होता, आणि त्याच्याकडे पाहताना मला अपराधी वाटत होतं. या वैभवाच्या पायात मुंबईहून गेलेलं विषही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका लाँगटांगमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीत शिरलो. एकोणिसाव्या शतकात ताइपिंग बंडाळीतून जीव वाचवून आलेल्या लोकांसाठी परकीयांच्या वसाहतींत दाटीवाटीने घरं उठली, आणि त्यातूनच दगडी चौकटीच्या दारांची ही शिकुमेन घरं घडत गेली. दोन भिंतींमध्ये टाकलेल्या बांबूंवर कपडे वाळत होते. गिरगावातल्या चाळीची आठवण आवरली नाही.

गल्लीच्या तोंडाशी शेंगजियान तळत होते. भल्यामोठ्या काळ्या तव्यात मोदकासारख्या चुण्या पाडलेले पाव दाटीने बसवलेले, आत डुकराच्या मांसाचं सारण. तेलात बुड लालसर झालं की आचारी वर पाणी शिंपडतो, लाकडी झाकण ठेवतो, कापडाने धरून तवा गोल फिरवतो. झाकण निघालं की वाफेतच कांद्याची पात आणि तीळ. मी घास घेणार, तोच शेजारच्या आजींनी हात वर करून थांबवलं. आपल्या शेंगजियानला कडेला दाताने बारीकसं भोक पाडून आधी आतला कढत रस कसा ओढून घ्यायचा, ते त्यांनी दाखवलं. मग मला खुणावलं, आता तू.