होय, सांगितलं तसं कर!

आपल्याकडे प्रोजेक्टच्या नावाचा एक अलिखित फॉर्म्युला आहे. शेवटी 'सिस्टिम' हा शब्द पाहिजेच! लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, पार्किंग मॅनेजमेंट सिस्टिम, आणि हल्ली 'एआय बेस्ड' असं पुढे चिकटवलेली तीच पार्किंग मॅनेजमेंट सिस्टिम. दरवर्षी ती नव्याने बनते, एक्स्टर्नलसमोर एकदा चालते (कधी कधी तेही नाही), ब्लॅक बुक कपाटात जातं आणि पुढच्या वर्षीची बॅच पुन्हा पहिल्यापासून गाड्या पार्क करायला बसते. बनवलेली गोष्ट सांभाळायची कुणी? सांभाळण्याला मार्क कुठे असतात?

त्यामुळे टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी मी आणि माझी पार्टनर जेव्हा म्हणालो, की आम्हाला नवीन काही बनवायचं नाही, आधीपासून असलेल्या एका सॉफ्टवेअरच्या बग्जवर काम करायचंय, तेव्हा आमच्या गाईडनी चष्मा काढून विचारलं, "ह्यात नवीन काय?" प्रश्न रास्तच होता. दोन मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं तिथे सांगितलं. उरलेलं इथे सांगते.

सॉफ्टवेअरचं नाव ॲप्ट. लॅबमध्ये आपण सगळेच 'सुडो ॲप्ट अपडेट' टाईप करतो, तेच. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम 1993 मध्ये सुरू झाली. ॲप्टचं काम 1998 मध्ये सुरू झालं आणि 1999 च्या मार्चमध्ये आलेल्या डेबियन 2.1 मधून ते लोकांपर्यंत पोचलं. म्हणजे वयाने ते माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठं! उबुंटूमध्येही तेच असतं. खरं तर इथे कामं करणारे दोघं आहेत. डीपीकेजी हा हमाल, एकेक पॅकेज उचलून जागेवर ठेवणारा. ॲप्ट हा मुकादम, कुणाला बोलवायचं, कुठून आणायचं, कोण आधी, कोण नंतर, हे ठरवणारा. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं त्यात 69,830 पॅकेजेस होती. ह्याला तो हवा, त्याला तिसरा चालत नाही, चौथा नसेल तर पाचवा चालेल... लग्नातले मानपान परवडले. असा मेळ बसवणं हा एनपी-कम्प्लीट प्रॉब्लेम आहे बरं का! टी.ओ.सी.चा पेपर झाला की आपण जे विसरतो, तेच आपण रोज एका ओळीत टाईप करत असतो.

आता देखभाल म्हणजे काय ते बघा. आमच्या लॅबमध्ये एकदा अपडेट चालू असताना लाईट गेली. (यूपीएस आहे. बॅटरी नाही.) अर्धी पॅकेजेस उघडलेली, अर्धी बाकी. परत आल्यावर पीसी सुरू झाला आणि ॲप्टने सरळ सांगितलं की काम मध्येच तुटलंय, हा अमुक कमांड द्या म्हणजे पुढे चालू होईल. दिला आणि झालं. लॅबच्या काकांना त्यात काही विशेष वाटलं नाही, मला मात्र वाटलं. कारण कुणीतरी कधीतरी बसून विचार केलाय, की नेमक्या ह्या क्षणी लाईट गेली तर? प्रत्येक पॅकेज कोणत्या पायरीवर होतं ह्याची नोंद डीपीकेजी डिस्कवर ठेवत जातं, म्हणून हे जमतं. आपल्या पार्किंग सिस्टिमला लाईट जाते हेच माहीत नसतं.

दुसरी गंमत 'लॉक'ची. एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून कुलूप असतं. सकाळी सगळे पीसी चालू झाले की आतल्या आत आपोआप अपडेट सुरू होतं, आणि आपण घाईघाईत काही इन्स्टॉल करायला गेलो की एरर! मग सीनियर्स सांगायचे, "अरे ती लॉकची फाईल डिलीट मार!" म्हणजे घरात माणूस असताना बाहेरून कुलूप तोडायचा सल्ला. ह्यात प्रोग्रॅम 'चुकत' नव्हता, पण लोकांना चुकायला लावत होता. 2020 मध्ये ॲप्ट 2.0 आलं तेव्हापासून ते लगेच हात वर न करता कुलूप सुटायची वाट बघतं आणि कोणत्या प्रोसेसने धरून ठेवलंय तेही सांगतं. कोडच्या दृष्टीने छोटासा बदल. पण त्यामुळे किती लॅब्ज वाचल्या असतील!

सगळेच बग असे गोड नसतात. जानेवारी 2019 मध्ये एक भयंकर बग उघड झाला. ॲप्टमध्ये डाऊनलोड करणारा भाग वेगळा छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो मुख्य प्रोग्रॅमला ओळीओळीने निरोप देतो. सर्व्हर कधी कधी म्हणतो, 'फाईल इथे नाही, त्या पत्त्यावर जा.' हा पत्ता जसाच्या तसा निरोपात जायचा. आता त्या पत्त्यातच कुणी लपवून 'एंटर' दाबला असेल तर? खालची ओळ नवा निरोप म्हणून वाचली जायची: 'माल मिळाला, तपासला, बरोबर आहे.' झालं! वाटेत बसलेला चोर आपलं पॅकेज खरं म्हणून आत पाठवू शकत होता, आणि इन्स्टॉलेशन तर रूटच्या अधिकाराने चालतं. दुरुस्ती लगेच आली. पण खरी पंचाईत पुढेच. ही दुरुस्ती मशीनवर पोचवणार कोण? तर ॲप्टच! दार फुटकं आणि सुतार त्याच दारातून येणार. म्हणून डेबियनने लोकांना सांगितलं की हे एक अपडेट करताना 'दुसऱ्या पत्त्यावर जा' हे ऐकणंच बंद ठेवा. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. भीतीने नव्हे, आपण शिकतोय ते खरंच कुठेतरी लागतं ह्या आनंदाने!

आता शीर्षकाकडे येते. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या व्हिडिओत लायनस टेक टिप्सवाल्या लायनस सेबॅस्टियनने, म्हणजे कम्प्युटरचे व्हिडिओ करणाऱ्या प्रसिद्ध माणसाने, पॉप ओएस ह्या लिनक्सवर स्टीम इन्स्टॉल करायला घेतलं. त्या वेळी तिथल्या पॅकेजेसमध्ये काहीतरी बिनसलं होतं. ॲप्टने मेळ बसवला तो असा, की स्टीम हवं असेल तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल! धोक्याची सूचनाही दिली आणि सांगितलं, खात्री असेल तर हे वाक्य टाईप करा: 'येस, डू ॲज आय से!' त्याने टाईप केलं. डेस्कटॉप गेला. मग जगभर वाद. सूचना वाचायला नको का, असा एक पक्ष. स्टीम मागणाऱ्याला घर पाडायचा पर्याय दाखवताच कशाला, असा दुसरा. मी दुसऱ्या पक्षात. ॲप्टवाल्यांनीही वाद घालत न बसता 2.3.12 ह्या आवृत्तीपासून मेळ बसवणाऱ्या भागाला शिकवलं, की अत्यावश्यक पॅकेजेस काढायचा मार्ग आपणहून सुचवायचाच नाही. अशा वेळी 'युजरची चूक' म्हणून फाईल बंद करणं किती सोपं होतं!

ह्या वाक्याने मला मात्र वेगळ्याच कामाला लावलं. ॲप्टचे संदेश बऱ्याच भाषांत आहेत आणि त्यांत मराठीची फाईलही आहे! ती मुंबईच्या सीडॅकमधल्या जनभारती गटाने केलेली. पण मूळ इंग्रजी वाक्य बदललं की जुनं भाषांतर बाद धरलं जातं आणि पुन्हा इंग्रजी दिसू लागतं. कोड चालू, भाषा मात्र हळूहळू झिजत चाललेली. हाही बगच की! आम्ही तोच धरला.

पण माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड. 'सामान्यरूप' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो ह्या कामात. संदेशात 'पर्सेंट एस' असतं, तिथे ऐन वेळी पॅकेजचं नाव बसतं. त्याला 'ला', 'चा', 'ने' लावायचं तर नावाचं रूप बदलतं, आणि नाव कोणतं येणार ते आधी माहीतच नसतं! म्हणून वाक्यच उलटंपालटं करून 'पॅकेज' हा शब्द आधी घ्यायचा, प्रत्यय त्याला लावायचे. 'पॅकेजला', 'पॅकेजचा'. नाव बिचारं सुटं राहतं.

आजी शेजारी भाजी निवडत बसायची. सराव म्हणून मी तिला ते प्रसिद्ध वाक्य मराठीत करून विचारलं, जुनं भाषांतर मुद्दाम न बघता. "आजी, 'होय, मी सांगतो तसं कर' बरोबर आहे का गं?" तिने कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावलेला नाही. म्हणाली, "अगं पण कोण सांगतंय? तू सांगतेस ना? मग 'सांगतो' कशाला?" मी हातातला पेन खालीच ठेवला! इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही. इथे मात्र तो संदेश लिहिणाऱ्याने कीबोर्डवर कोण बसलंय ते आधीच ठरवून टाकलेलं असणार. शेवटी 'होय, सांगितलं तसं कर' वर आमचा समझोता झाला. आणखी एक अडचण म्हणजे हे वाक्य युजरला टाईप करायचं असतं. भाषांतर करणाऱ्यांसाठी कोडमध्येच टीप आहे की टाईप करायला अवघड अक्षरं टाळा. लिनक्सच्या काळ्या टेक्स्ट कन्सोलवर तर देवनागरी धड दिसतही नाही. मग सूचना मराठीत आणि उत्तर कशात? आमच्या दोघींचं ह्यावर अजूनही भांडण चालू आहे.

डेबियनमध्ये प्रत्येक बगला नंबर मिळतो आणि तो कुणालाही वाचता येतो. अडचणी लपवायच्या नाहीत हे त्यांनी 1997 मध्येच लिहून ठेवलंय. दहा लाखावा नंबर 2021 च्या नोव्हेंबरमध्ये पडला. आमचा त्याच्या बराच पुढचा, 'विशलिस्ट' ह्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा. अजून उत्तर नाही. सांभाळणारे मोजकेच आहेत, त्यांना घाई करायची नाही असं ठरवलंय. गाईडनी प्रोजेक्ट मान्य केला, एका अटीवर. नाव आता 'लोकलायझेशन मेंटेनन्स सिस्टिम' असं आहे!

एकच शब्द अडलाय. ज्या पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज मिळत नाही त्याला इंग्रजीत 'ब्रोकन' म्हणतात. पार्टनर म्हणते 'मोडलेलं'. आजी म्हणते, मोडलंय कुठे, ते तर नुसतं 'अडलेलं' आहे. मला आजीचं पटतंय, पण रिव्ह्यू पुढच्या सोमवारी आहे. कुणाला ह्याहून बरा शब्द सुचला तर दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये या, दुपारी तीननंतर आम्ही तिथेच असतो.