‘रिबेका’तील तपशील आणि वाचकाची बाजू

प्रणय आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या कादंबरीला वातावरण लागते, तपशील लागत नाही, असा एक समज विद्यापीठीय चर्चेत रूढ आहे. ऐतिहासिक कादंबरीकाराने दप्तरे चाळावीत, ग्रामीण कादंबरीकाराने मोटेपासून मळणीपर्यंत सारे अचूक सांगावे, ही अपेक्षा बाळगली जाते. रहस्यप्रणयाच्या वाट्याला मात्र धुके, जुनी हवेली आणि जिन्यावरची पावले एवढेच येते. डॅफ्ने द्यू मॉरिए यांची ‘रिबेका’ (1938) या समजाला छेद देते. तिच्यात धुके आहेच. पण त्या धुक्यात एक जहाज किनाऱ्याशी येऊन रुतते, त्याचा तळ तपासण्यासाठी पाणबुड्या उतरतो, आणि त्याला समुद्राच्या तळाशी दुसरीच एक होडी दिसते. तिच्या केबिनमध्ये प्रेत आहे. वातावरण म्हणून आलेली गोष्ट येथे घटनेचे कारण होऊन बसते.

हिचकॉक यांच्या 1940 च्या चित्रपटामुळे आणि ‘कोहरा’ (1964) या हिंदी रूपांतरामुळे कथानक अनेकांना ठाऊक असते. मॅक्सिम द विंटर हा विधुर जमीनदार एका अननुभवी तरुणीशी लग्न करून तिला मँडरले या आपल्या हवेलीत आणतो. तेथे त्याच्या दिवंगत पत्नीची, रिबेकाची, छाया सर्वत्र पसरलेली आहे. होडी सापडल्यावर तो नव्या पत्नीला सांगतो, की रिबेकाला त्यानेच गोळी घातली. हे ऐकल्यावर नायिकेला भीती वाटत नाही. त्याचे रिबेकावर प्रेम नव्हते, याचा तिला आनंद होतो. आणि वाचकही तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हे कसे घडते, हा या कादंबरीसंबंधीचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या तपशिलांत दडलेले आहे.

द्यू मॉरिए यांनी कादंबरी लिहावयास घेतली तेव्हा त्या कॉर्नवॉलमध्ये नव्हत्या. पती फ्रेडरिक ब्राउनिंग हे ग्रेनेडियर गार्ड्समधील अधिकारी. त्यांची नेमणूक अलेक्झांड्रियात होती. तेथील उकाड्यात 1937 मध्ये लेखन सुरू झाले, सुमारे 15,000 शब्दांचा पहिला खर्डा त्यांनी फाडून टाकला, आणि पुढे इंग्लंडला परतल्यावर ग्रंथ पुरा झाला. ज्या मेनाबिली या घरावरून मँडरले उभे राहिले, त्या घरात तोवर त्या एक दिवसही राहिल्या नव्हत्या. फॉई गावाजवळचे ते घर रॅशले घराण्याचे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस, वापरात नसताना, त्यांनी ते परवानगीवाचून आवारात शिरून पाहिले होते. ते भाड्याने मिळून त्या तेथे राहावयास गेल्या त्या 1943 मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर पाच वर्षांनी. मँडरलेच्या अंतर्भागासाठी पीटरबरोजवळच्या मिल्टन या हवेलीची बालपणीची आठवण उपयोगी पडली. तेव्हा बाह्यरूप चोरून पाहिलेले, अंतरंग पाहुणी म्हणून पाहिलेले. मालकीणपणाचा अनुभव कोठेच नाही. नायिकेची स्थितीही नेमकी हीच आहे. सकाळच्या बैठकीत घरातला टेलिफोन वाजतो, पलीकडून मिसेस द विंटर यांची विचारणा होते, आणि ती सांगते की मिसेस द विंटर वारल्या. ज्या घराचे रीतिरिवाज बाहेरून टिपले, त्याच घराचे वर्णन अशा बाहेरच्या नजरेतून करावयाचे, ही निवड साधी दिसते. पण लेखिकेला जे ठाऊक नव्हते तेही त्यामुळे कामी आले.

होडीची गोष्ट अगदी उलटी. द्यू मॉरिए कुटुंबाने 1926 मध्ये बॉडिनिक येथे खाडीकाठी जे घर घेतले, त्या वास्तूत पूर्वी होड्या बांधल्या जात. ‘द लव्हिंग स्पिरिट’ (1931) ही त्यांची पहिली कादंबरी त्या परिसरातील एका जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याच्या जुन्या पत्रांवर उभी आहे. शिडाची होडी त्या स्वतः हाकत. ‘रिबेका’तील होडीविषयीचे ज्ञान त्यामुळे कोठून मिळवून आणलेले वाटत नाही; हाताला सवय असावी तसे ते येते.

आणि याच ज्ञानावर कादंबरीतील सर्वांत ताणलेला प्रसंग उभा आहे. प्रेताच्या चौकशीत जेम्स टॅब हा होडी बांधणारा कारागीर साक्षीला येतो. होडी वादळाने उलटली आणि रिबेका बुडाली, असे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. टॅबला ते मान्य नाही, कारण दोष आपल्या कारागिरीवर येतो. धंद्याची अब्रू राखण्यासाठी तो होडी तपासून आलेला आहे. तो सांगतो की तळाच्या झडपा, ज्यांतून समुद्राचे पाणी आत येऊ शकते, त्या उघड्या होत्या. आणि फळ्यांना पडलेली भोके खडकाने पडलेली नसून आतून पाडलेली आहेत. येथे कोणी गुप्तहेर नाही, कोणाच्या बुद्धीचे प्रदर्शन नाही. एका सुताराला आपले काम ओळखता येते, एवढ्यावरून एका माणसाचा गळा फासाजवळ येतो.

या धोक्याचे खरे माप कळावयाचे तर कोरोनरच्या चौकशीचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. मराठी वाचकाला हा शब्द मुंबईमुळे परिचित असतो. 1871 च्या कायद्याखालील कोरोनरची व्यवस्था तेथे 1999 पर्यंत होती. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकात कोरोनरच्या ज्यूरीला खुनाचा निष्कर्ष काढून संशयिताचे नाव घेण्याचा अधिकार होता, आणि त्यावरून त्याला थेट खटल्यासाठी पाठविता येत असे. हा अधिकार 1977 च्या कायद्याने संपला. आजच्या वाचकाला ती चौकशी औपचारिक वाटण्याचा संभव आहे. त्या काळच्या वाचकाला तिच्या दाराआड वधस्तंभ दिसत होता. मात्र प्रश्न मॅक्सिमच्या अगदी अंगाशी येतात त्या क्षणी नायिकेला मूर्च्छा येते, आणि आत्महत्येचा निर्णय तिच्याबरोबर वाचकालाही मागाहून कळतो. कायद्याच्या दृष्टीने जो भाग उभा करणे सर्वांत अवघड, नेमका तोच अशा रीतीने पडद्याआड जातो. यास युक्ती म्हणावे लागेल, पण निवेदन नायिकेच्या हाती असल्याने ती खटकत नाही.

टॅबची साक्ष वाचताना वाचकाच्या मनात जो प्रश्न येतो तो ‘खुनी सापडेल का’ हा नसतो. ‘आता यांना काही उत्तर सुचेल का’ हा असतो. झडपा, भोके, गोळी हाडाला न लागल्याने प्रेतावर न उरलेली खूण, पूर्वी दुसऱ्याच स्त्रीचे प्रेत मॅक्सिमने पत्नीचे म्हणून ओळखल्याची अडचण: या गोष्टींचा हिशेब वाचक गुन्हेगाराच्या बाजूने करू लागतो. एकेक तपशील अचूक असल्याने हिशेबात मन गुंतते, आणि एका स्त्रीला गोळी घातली गेली आहे ही गोष्ट त्या गुंत्यात मागे पडते. तपशिलामुळे सत्याची जाणीव वाढते असे वास्तववादाच्या चर्चेत सहसा गृहीत धरले जाते. ‘रिबेका’त अचूक तपशील नैतिक जाणिवेला गुंगी आणण्याचे काम करतो. तो ढिसाळ असता तर वाचक जागा राहिला असता.

चित्रपटाशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. पत्नीला मारणारा शिक्षेवाचून सुटतो, हे त्या वेळच्या अमेरिकन निर्मितीसंहितेला चालणारे नव्हते. म्हणून पडद्यावरची रिबेका पडून, डोक्याला मार लागून मरते. होडी, झडपा, भोके सारे तसेच राहते. पण आता प्रेक्षक एका निर्दोष माणसाची काळजी करतो, आणि टॅबच्या साक्षीतील विष नाहीसे होते.

अखेरच्या भागातील टेलिफोन क्रमांकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. रिबेकाच्या रोजनिशीत ‘बेकर’ हे नाव आणि ‘एम’ या अक्षरापुढे चार आकडे सापडतात. लंडनमधील क्रमांकांपूर्वी तेव्हा केंद्राचे नाव येत असे, आणि ‘एम’ने आरंभ होणारी केंद्रे एकाहून अधिक होती. ते केंद्र ‘म्युझियम’ ठरते, माग डॉक्टरपर्यंत जातो, आणि रिबेकाला असाध्य कर्करोग होता हे उघड होते. मॅक्सिमला वाचविणारे सत्य अशा रीतीने एका आळसाने लिहिलेल्या आद्याक्षरावर टांगलेले आहे. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट रहस्याची किल्ली व्हावी, याला ग्रंथालयातील संशोधन लागत नाही. रोजचा व्यवहार परक्यासारखा पाहण्याची नजर लागते.

कादंबरीच्या तयारीची द्यू मॉरिए यांची टिपणवही पुढे ‘द रिबेका नोटबुक’ (1981) या ग्रंथात प्रसिद्ध झाली. तीत प्रकरणवार आराखडा आहे. नायकाचे नाव तेथे हेन्री आहे, आणि ज्या आगीने मँडरलेचा शेवट होतो त्या आगीऐवजी मोटारीचा अपघात योजलेला आहे. वही जपून राहिली तिला एक कारण घडले. अमेरिकेत या कादंबरीवर वाङ्मयचौर्याचा दावा लावण्यात आला, आणि 1947 मध्ये द्यू मॉरिए यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयात साक्षीला उभे राहावे लागले. कल्पना आपलीच आहे हे दाखविण्यासाठी ती वही तेथे पुराव्यात आली. दावा पुढे फेटाळला गेला. टॅबने आपली होडी ओळखावी तशी एका लेखिकेने आपली कादंबरी फळी फळी करून ओळखून दाखविली, ती या वहीच्या आधाराने.