फाइल प्रोसेसमध्ये आहे!

होम लोन काढलंय कधी? 'फाइल प्रोसेसमध्ये आहे' हे ऐकून डोकं फिरलं असेल, तर सांगते, ती खरंच एका प्रोसेसमध्ये असते. आणि ती प्रोसेस कुणीतरी हिंजवडीत बसून, गार झालेला चहा पीत लिहिलेली असते. काही वर्षं ते काम माझं होतं.

२००८ मधला आमचा क्लायंट म्हणजे एक फायनान्स कंपनी. दोन टीम्स, दोन भाषा. एकीची बीपेल. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टच्या आपापल्या भाषा होत्या, त्यांच्या मिलाफातून २००२ मध्ये ही आली. या सर्व्हिसला हाक मार, उत्तर घे, पुढचीला दे. मशीनशी बोलायला एकदम फर्स्ट क्लास! पण 'साहेबांची सही होईपर्यंत थांब' हे तिच्या मूळ व्याकरणातच नाही. सह्याबिह्यांचं सगळं दुसऱ्या टीमकडे, जेपीडीएलमध्ये. तिथे माणसाच्या हाती काम दिलं की प्रोसेस आठवडाभर निवांत झोपते.

मॅनेजर म्हणाले, सगळं बीपेलमध्ये आणा, २००७ पासून ती ओॲसिसचं स्टँडर्ड आहे. मीटिंगमध्ये झकास वाटतं हो. पण अर्ध्या वाटेवरच्या फायलींचं काय? भाषा बदलली की कुठली फाइल कुठे पोचली होती, ते नव्या प्रोसेसला कळणार कसं? बिल्डरला टोकन देऊन बसलेल्या माणसानं पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरायचा? यावर मी जाम भांडले.

उपाय आमच्या जेबीपीएम इंजिनातच होता. त्याच्या गाभ्याला भाषा ठाऊकच नसते. ही पायरी, हा बाण, गाडी आत्ता इथे, एवढंच त्याला कळतं. थांबायचं की पुढे जायचं, ते त्या पायरीमागचा जावा कोड ठरवतो. म्हणजे पायऱ्यांचा वेगळा संच दिला की वेगळी भाषा तयार. याच कल्पनेला २००७ मध्ये 'प्रोसेस व्हर्च्युअल मशीन' असं भारदस्त नाव मिळालं.

बीपेलच्या प्रोसेस मिनिटभरात संपायच्या, म्हणून त्याच इथे आणल्या. रेंगाळणाऱ्या फायली जिथे होत्या तिथेच राहिल्या. खरा वैताग वेगळाच निघाला. बीपेलची माहिती एक्सएमएलमध्ये, जेपीडीएलची जावात. कर्जाची रक्कम इकडून तिकडे नेताना दर वेळी भाषांतर! ते तपासण्यात माझे कितीतरी शनिवार गेले.

२०११ मध्ये बीपीएमएन २.० आली. तिच्यात सर्व्हिसही आहे आणि सहीसाठी थांबणंही. मात्र कर्ज द्यायचं की नाही, याचे नियम हल्ली डीएमएन नावाच्या वेगळ्याच भाषेत लिहितात. मॅनेजरना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.