हायडेलबर्गचा रविवार

जर्मनींत नेकार नदीच्या कांठीं वसलेलें हायडेलबर्ग हें विद्येचें माहेरघर म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील विद्यापीठ सन १३८६ मध्यें स्थापन झालें. तें पाहण्याची आमची फार दिवसांची इच्छा गेल्या वर्षीं फळास आली. परंतु तेथें आम्हांस जो धडा मिळाला, तो विद्यापीठांत नव्हे, एका औषधालयाच्या खिडकीपाशीं मिळाला.

शनिवारीं सायंकाळीं आम्ही उभयतां तेथें उतरलों, आणि औषधांची पिशवी आगगाडींतच राहिल्याचें ध्यानांत आलें. पत्नीस रक्तदाबाचा विकार. सकाळची गोळी चुकवूं नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. दुसऱ्या दिवशीं, गोळीची वेळ टळून गेल्यावर, तिचें डोकें जड झालें, भोंवळ येऊं लागली. आमचे तर हातपाय गळाले.

रविवारीं त्या देशांत बहुतेक दुकानें बंद असतात. मात्र औषधालयें पाळीपाळीनें उघडीं ठेवितात, आणि त्या दिवशीं कोणाची पाळी आहे, तें प्रत्येक बंद औषधालयाच्या दारावर लिहिलेलें असतें. लाल रंगाचें रोमन ‘ए’ हें अक्षर व त्यावर पेला आणि सर्प, ही त्यांची खूण. असें एक औषधालय गांठून आम्हीं गोळीचें नांव तीनदां स्पष्ट उच्चारिलें. खिडकीमागील बाईंनीं मान हलविली. असें औषध त्यांनीं ऐकलेंच नव्हतें!

आम्हीं जन्मभर मुलांना विशेषनाम आणि सामान्यनाम यांतील भेद शिकविला. पण आमच्या मुखीं होतें तें इकडील एका कंपनीनें ठेवलेलें विशेषनाम. औषधाचें सामान्यनाम आम्हांस ठाऊकच नव्हतें. निघतांना सूनबाईनें तें कागदावर लिहून दिलें होतें. ‘एवढें का आम्हांस समजत नाहीं?’ असें म्हणून तो कागद आम्हीं देवघराच्या फळीवर ठेवून दिला होता.

अखेर घरीं दूरध्वनि केला. सूनबाईनें तोच कागद शोधून वाचला : “अ‍ॅम्लोडिपीन, पांच मिलिग्रॅम.” हें नांव ऐकतांच बाईंची मुद्रा खुलली. तथापि डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून ही गोळी देण्यास तेथें मनाई आहे. जिवावरचें संकट असेल तर ११२, आणि केवळ दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवत नसेल तर ११६११७, अशी तेथील व्यवस्था. बाईंनीं स्वतःच दुसऱ्या क्रमांकावर विचारून आम्हांस पाळीवरील डॉक्टरांकडे धाडिलें. त्यांनीं रक्तदाब मोजला, चिठ्ठी दिली, आणि दुपारीं गोळी हातीं आली. अवेळच्या सेवेबद्दल औषधालयानें अडीच युरो अधिक घेतले. ते आम्हांस फारच थोडे वाटले.

प्रवेशाच्या परवान्यासाठीं निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो. तो आम्हीं काढिला होता. परंतु आधींपासूनचे विकार अशा विम्यांतून बहुधा वगळलेले असतात. आमच्या कागदांतील तें बारीक अक्षरांचें कलम आम्हीं त्या रात्रीं प्रथमच वाचलें. डॉक्टरांची फी पदरचीच गेली.

सोमवारीं पत्नीस बरें वाटलें, तेव्हां किल्ल्यावर गेलों. तेथें सन १९५७ पासून जर्मन औषधविद्येचें संग्रहालय आहे. जुन्या बरण्यांवरील लॅटिन नांवें पाहून ती म्हणाली, “आपल्या गुळवेलीला उत्तरेकडे गिलोय म्हणतात; पण गुडूची म्हटलें कीं दोन्हीकडच्या वैद्यांना कळतें. तसेंच हें नव्हे का?” आम्ही निरुत्तर झालों.

परदेशीं निघणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती कीं, आपल्या औषधांचीं सामान्यनामें व मात्रा डॉक्टरांच्या सहीनिशीं लिहून घ्याव्या; तो कागद आणि गोळ्या निरनिराळ्या पिशव्यांत ठेवाव्या; विम्यांतून काय वगळलें आहे, तें घरीं असतांनाच वाचावें. आणि सूनबाईनें कांहीं लिहून दिलें, तर तें मुकाट्यानें खिशांत घालावें.