दारावरची थाप

दार ही घरातील सर्वांत बोलकी वस्तू होय. ते उघडे असले म्हणजे ‘या’ म्हणते आणि मिटलेले असले म्हणजे ‘जरा थांबा’ म्हणते. त्यावर पडणारी थापही बोलकी असते. शेजारणीची थाप निराळी, पोस्टमनची निराळी. आणि अपरात्रीची अनोळखी थाप तर सर्वस्वी निराळी! कोणाची थाप आहे हे ओळखून मगच माणूस कडी काढतो. इ. स. २०२० मध्ये या साध्यासुध्या दाराला जे महत्त्व आले, ते पूर्वी क्वचितच आले असेल. त्या वर्षी जगातील बहुतेक सरकारांनी नागरिकांना एकच गोष्ट बजावली : दार लावून घ्या आणि घरातच राहा.

कारणही तसेच होते. कोरोना नावाचा नवा विषाणू माणसाच्या श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून दुसऱ्याकडे जात होता. त्यावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. तेव्हा माणसाने माणसापासून दूर राहणे एवढाच उपाय हाती उरला. २३ जानेवारी २०२० रोजी चीनने एक कोटीहून अधिक वस्तीचे वूहान शहर बंद केले. ९ मार्चला इटलीने साऱ्या देशाला घरात राहण्याचा आदेश दिला. न्यूझीलंडने त्याच महिन्याच्या २५ तारखेला मध्यरात्री दारे मिटली. तेथील लोकांनी आपापल्या खिडक्यांत खेळण्यातली अस्वले मांडून ठेवली. आईबापांबरोबर फिरावयास निघालेल्या मुलांनी ती मोजावी आणि तेवढीच करमणूक व्हावी, हा त्यातील हेतू. ईस्टरच्या सणाला एक ससा मुलांसाठी चॉकलेटची अंडी आणतो, अशी तिकडील बालकांची समजूत आहे. मुले हिरमुसू नयेत म्हणून पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी जाहीरपणे सांगितले, की तो ससा अत्यावश्यक सेवकांत मोडतो. मात्र या वर्षी त्याला प्रत्येक घरी पोहोचणे कठीण जाईल! सरकारचा हुकूम असा गोड करून सांगण्याची हातोटी फार थोड्यांना साधते.

स्वीडनने मात्र दार पुरते मिटले नाही. लहान मुलांच्या शाळाही चालू ठेवल्या. परंतु तेथील वृद्धाश्रमांत रोग शिरला आणि अनेक वृद्ध दगावले. आपण अपयशी ठरलो, असे त्या देशाच्या राजाने डिसेंबर २०२० मध्ये बोलून दाखविले. पुढे दोन-तीन वर्षांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा युरोपातील इतर अनेक देशांच्या मानाने स्वीडनची हानी कमीच ठरली. तात्पर्य, कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हा वाद अद्यापि मिटलेला नाही.

भारतात २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि चार तासांनी, मध्यरात्रीपासून, ती अमलात आली. ज्यांना दार होते त्यांनी ते लावून घेतले. परंतु ज्यांचे दार शेकडो कोस दूर होते, त्यांनी काय करावे? शहरांतून मजुरी करणाऱ्या लक्षावधी लोकांचे काम एका रात्रीत थांबले आणि आगगाड्याही बंद होत्या. बोचकी डोक्यावर आणि मुले कडेवर घेऊन ते पायीच गावाची वाट चालू लागले. मे महिन्यात सरकारने त्यांच्यासाठी गाड्या सोडल्या खऱ्या, पण सर्वांना त्या मिळाल्या नाहीत. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ लोहमार्गावर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून भुसावळकडे निघाले होते. तेथून मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाणारी गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. त्यांच्या शिदोरीतील भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. दूरवरून दिलेला हुकूम कितीही हिताचा असला, तरी तो कोणाच्या पायाखालची वाट काढून घेतो, हे हुकूम देणाऱ्याने आधी पाहावयास हवे.

मुंबईच्या धारावीत प्रश्न आणखीच बिकट होता. अवघ्या अडीच चौरस किलोमीटरांत तेथे आठ-दहा लाख माणसे राहतात. एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण. बोळ इतके अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाखेरीज गत्यंतर नाही. तेथे दार लावून घ्या म्हणण्यात काय अर्थ? १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळला, तेव्हा भल्याभल्यांच्या काळजात धस्स झाले.

येथे एका जुन्या प्रसंगाची आठवण होते. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला आणि तेथून पुण्यास पोहोचला. १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकू लागले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही! परिणाम असा झाला, की लोक आपले आजारी माणूस लपवू लागले. रोगापेक्षा थापेचेच भय अधिक! त्याचे पर्यवसान कशात झाले, ते इतिहासात नमूद आहे. साथीच्या रोगांचा कायदाही त्याच वर्षीचा. आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो अमलात आणला, तो हाच कायदा!

कायदा तोच असला, तरी धारावीत थाप निराळी पडली. महानगरपालिकेने वस्तीतच दवाखाना चालविणाऱ्या खाजगी डॉक्टरांना हाक दिली. ज्यांच्याकडून वर्षानुवर्षे पोराबाळांसाठी औषध आणले, तेच डॉक्टर दारी आले, म्हणून लोकांनी दार उघडले. त्यांनी सुमारे सत्तेचाळीस हजार लोकांची तपासणी केली. अंगभर चढविलेल्या संरक्षक पोशाखात एप्रिलचा उकाडा असह्य होई. अखेर घरोघर फिरणे सोडून त्यांनी जागोजागी तापाच्या तपासणीची शिबिरे उघडली. शौचालये दिवसातून अनेकदा धुतली जाऊ लागली. घरात वेगळे राहण्यास जागा नाही, तर घराबाहेर ती करू, या विचाराने शाळा आणि क्रीडासंकुल येथे संशयितांची सोय केली. तेथे जेवण मिळे, डॉक्टर असत. रमजानचा महिना आला, तेव्हा उपवास सोडणाऱ्यांना वेळेवर फळे व खजूर देण्याची व्यवस्था ठेवली. खजूर ही वस्तू ती केवढी! पण आपला आचार येथे कोणाला तरी ठाऊक आहे, एवढे त्यातून कळते आणि मग माणूस घर सोडून तेथे यावयास भीत नाही.

मे महिन्यात धारावीत बाराशेहून अधिक नवे रुग्ण आढळले. जूनमध्ये तीनशेहून कमी. ७ जुलैला तर केवळ एक! १० जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इटली, स्पेन व दक्षिण कोरिया यांच्याबरोबर धारावीचे नाव घेतले. अर्थात सारे श्रेय उपायांनाच द्यावे काय, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत नाही. हजारो मजूर आधीच वस्ती सोडून गेले होते. शिवाय त्याच जुलैत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तीत झोपडपट्ट्यांतील शंभरांपैकी सत्तावन्न लोकांना नकळत हा रोग होऊन गेल्याचे दिसले. तेव्हा विषाणूने आपला फेरा पुष्कळसा उरकून घेतला होता, असेही म्हणता येईल. आणि २०२१ मध्ये देशात त्याहून मोठी लाट आलीच.

तथापि जुलै २०२० मधील आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. बरे झालेल्या माणसाच्या रक्तातील द्रव रोग्यास दिला असता गुण येतो, अशी तेव्हा आशा होती. महानगरपालिकेने धारावीत विचारणा केली आणि रोगातून उठलेले कित्येक रहिवासी आपण होऊन रक्तद्रव द्यावयास पुढे आले. त्या उपचाराचा फारसा उपयोग होत नाही, असे पुढे प्रयोगांती ठरले. त्या दिवशी शिबिरात येऊन हात पुढे करणाऱ्यांना मात्र ते ठाऊक नव्हते.